होती तशी बुर्रा

माझ्या भावाने शपथ घेतली की समजावं, काम उलटं होणार. लहानपणी त्याने शेजारच्या कोंबड्यांना हात लावणार नाही अशी शपथ घेतली, आणि संध्याकाळी त्या सगळ्या चर्चच्या बाकांखाली सापडल्या. आता तो साठीला टेकलाय. जवळच्या एस्पान्योला शहरात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि जुन्या गाड्या अगदी जमिनीला टेकतील इतक्या खाली आणून देणारा कारागीर म्हणून लोक त्याच्याकडे लांबून येतात. पण जित्याची खोड कुठे जाते! त्याचं नाव देल्फिनो, आम्ही फिनो म्हणतो. मी त्याची थोरली बहीण क्लोतिल्दे, गाड्यांच्या गाद्या शिवते. त्याच्या गॅरेजातून बाहेर पडलेल्या निम्म्या गाड्यांत लोक माझ्या टाक्यांवर बसतात. त्यामुळे त्याला बोलायचा मला हक्क आहे, आणि तो मी वापरते.

तर आमच्या वडिलांची पिकअप होती, एक्कावन्न सालची शेव्हरोले. वडील तिला बुर्रा म्हणायचे, म्हणजे गाढवी. कारण ती ओझं मुकाट्याने वाहायची, पण मनात असेल तेव्हाच जागची हलायची. दर वर्षी मे महिन्यात सान इसिद्रोच्या सणाला संताची लाकडी मूर्ती तिच्या हौद्यात उभी राहून गावभर फिरायची, शेतांच्या कडेने आणि पाटांवरून. सान इसिद्रो शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेला बसला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरायचा. फिनोला सगळ्या धर्मातला एवढाच भाग पटलेला आहे.

वडील गेले आणि बुर्रा आईच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. संत फिलादेल्फियोच्या गाडीतून जायला लागला. फिलादेल्फियो आमचा पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे तो ठरवतो, म्हणून त्याच्याशी गावात कुणी मोठ्या आवाजात भांडत नाही. त्याची पिकअप नवीकोरी, आणि इतकी उंच की माळ्यावर चढल्यासारखं चढावं लागतं. पहिल्याच वर्षी तो आमच्या आईला मोठ्या आदराने म्हणाला, दोन्या एस्तेफानिता, काळजी करू नका, मी तुम्हाला उचलून आत ठेवतो. आईने त्याला पर्स मारली.

"संताला उचल," ती म्हणाली. "तो लाकडाचा आहे, त्याला लाज नाही."

त्यानंतर आई मिरवणुकीला गेली नाही. ती मुळातच एवढीशी, त्यात गुडघे गेलेले, आणि अभिमान मात्र दोन माणसांना पुरेल एवढा. सणाच्या दिवशी खिडकीपाशी बसायची आणि व्हायोलिनचा आवाज शेतांपलीकडे जाईपर्यंत ऐकत राहायची. मला ते बघवायचं नाही. मला दुसरं काही नको होतं, आई एकदा तरी पुन्हा त्या मिरवणुकीत जायला हवी होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणताना जीभ अडखळते.

यंदा ईस्टरआधीचे उपवास सुरू झाले, तेव्हा आम्ही दोघं आईकडे जेवायला होतो. घेवडा आणि लाल मिरचीतली अंडी होती. फिनो तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आई एकदम म्हणाली, "तुमच्या बापाची गाडी उभी करा. होती तशी. मग मी येईन."

फिनोच्या हातातला चमचा तिथेच थांबला. हे वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता ते मला माहीत होतं. मी आईला विचारलं, होती तशी म्हणजे नेमकी कशी? आई म्हणाली, तुम्हाला डोळे होते ना तेव्हा? आणि ताटं उचलायला लागली.

आता गंमत बघा. डोळे दोघांनाही होते, पण मला बुर्रा हिरवी आठवत होती, आणि फिनो म्हणत होता की ती राखाडी होती, डावं दार तेवढं लाल, कारण ते भंगारातून आणलेलं. फिलादेल्फियोला विचारलं तर त्याच्या मते ती चिखलाच्या रंगाची होती, आणि त्यात त्याची काही चूक नाही. शेवटी फिनोने बोनेटवर पॉलिश पेपर मारला. हिरव्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली गडद निळा, आणि निळ्याखाली नुसता पत्रा. सगळ्यात तळाचा तो पहिला, त्यावर वाद नको, म्हणून निळा ठरला. एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं भांडणाशिवाय जमलं.

कोंबड्यांना बाहेर काढलं, पण एक तांबडी कोंबडी काही केल्या सीट सोडेना. ती बुर्रासोबत ट्रेलरवरून एस्पान्योलापर्यंत गेली, आणि गॅरेजात पोचल्यावर तिने अंडं घातलं. फिनोने तो शुभशकुन मानून अंडं तळून खाल्लं.

कामाची वाटणी सरळ होती. पत्रा, इंजिन, रंग त्याच्याकडे. गादी, छताचं कापड, दारांच्या आतली बाजू माझ्याकडे. मी जुनी गादी उसवली तर आत उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार केलेला. स्प्रिंगा सरळ केल्या, नवा फोम घातला, निळ्याला शोभेल असं दुधी रंगाचं रेक्झिन घेतलं आणि उभ्या पट्ट्या शिवल्या, मूळच्या होत्या तितक्याच रुंद. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण ती गादी बघून मलाच तिच्यावर बसवेना.

फिनोने हौद्याच्या फळ्या काढल्या तेव्हा मला फोन केला. चासीच्या खाचाखोचांत वाळू होती. नदीची, बारीक, पिठासारखी. आणि तिच्यात तागाच्या पोत्याचे धागे. मी म्हटलं, वडिलांनी भिंती लिंपायला वाळू आणली असेल, त्यात काय. मग तो म्हणाला, आणि मागचा बंपर खालून घासलेला आहे, सायलेन्सरचा पाइप चपटा झालाय, ही गाडी कधीतरी खाली बसत होती, माना. आमच्याकडे थोरल्या बहिणीला माना म्हणतात, आणि फिनो माना म्हणाला की पुढे काहीतरी मागणी असते. ती होतीच. थोडीशीच खाली घेऊ या, म्हणाला. दोन बोटं.

"एक नखसुद्धा नाही," मी म्हटलं. "लाकडं जास्त भरली की कुठलीही गाडी घासते. आई काय म्हणाली? होती तशी. तुझ्या गॅरेजातल्या त्या सरपटणाऱ्या पोरींसारखी नाही."

त्याने आढेवेढे घेतले, मग सान इसिद्रोची शपथ घेतली की गाडीला हात लावणार नाही. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण त्या दिवसांत तो इतका शहाण्यासारखा वागत होता की मी गाफील राहिले. एका रविवारी आईकडे आला आणि तिची स्वयंपाकघरातली खुर्ची टेपने मोजत बसला, पाय किती, बैठक किती उंच. आता खुर्च्याही खाली आणतोस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नवी करून देतो तिला. आणि जाता जाता मला म्हणाला, माना, गादीच्या पुढच्या बाजूला, बरोबर मध्ये, एक खिसा शिवशील? आमाची जपमाळ ठेवायला.

माझं मन भरून आलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं ग्रीस खाल्लेल्या माणसाला आईची जपमाळ सुचते! मी तो खिसा दुहेरी टाक्यांनी शिवला, वर झाकण केलं, झाकणाला मोत्याचं बटण लावलं. शिवताना मनात म्हटलं, पोरगं वाया गेलं नाही.

सणाच्या सकाळी फिनो ट्रेलर घेऊन आला. बुर्रावर ताडपत्री होती. अंगणात निम्मं गाव जमलेलं, फादर पाण्याचं भांडं घेऊन उभे, व्हायोलिनवाला आणि गिटारवाला जर्दाळूखाली तारा जुळवत होते. आई अजून घरात तयार होत होती. फिनोने गाडी मागे घेत खाली उतरवली, ताडपत्री ओढली, आणि लोकांच्या तोंडून एक लांबलचक "आssह" निघालं.

निळा रंग असा होता की त्यात जर्दाळूची पानं मोजता आली असती. चाकांच्या टोप्या लखलखत होत्या. आणि गाडी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी जमिनीवर बसली होती. मडगार्डमधून चाकांचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. तिच्याखालून मांजरही वाकूनच गेलं असतं.

मी फिनोला बाजूला घेतलं आणि काय बोलले ते फादर ऐकत असल्यामुळे हळू आवाजात बोलले. तू संताची शपथ घेतलीस, आई आता बाहेर येईल, ही गाडी बघेल, पाठ फिरवेल आणि पुन्हा कधी यायची नाही, आणि ते तुझ्या डोक्यावर. फिनो बुटांकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "बघू दे तिला, माना. मग मार मला."

आई आली. काळी शाल, काठी, कोपरात ती पर्स. तिची नजर आता फार चालत नाही, म्हणून ती गाडीशी गेली आणि तिने बोनेटवर हात ठेवला. हात फिरवत फिरवत मडगार्डवरून दारापर्यंत आली. दार उघडलं. मग आईने गाडीकडे पाठ केली आणि, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसते तशी, बसली. पाय उचलला नाही, कुणाचा हात धरला नाही. बसल्यावर एक पाय आत घेतला, मग दुसरा, शाल सारखी केली.

"हं," ती म्हणाली. "आता झाली होती तशी."

खुर्ची कशाला मोजली होती ते मला आत्ता कळलं. पण राग काही लगेच उतरला नाही, कारण रागाला घाई नसते. मी आईला विचारलं, आमा, अशी कधी होती ही? मला तर आठवत नाही. आई म्हणाली, तुला कसं आठवेल, आणि चला, संताला उन्हात उभं करू नका.

संताला हौद्यात चढवलं. त्याला दोरांनी मी स्वतः बांधलं, कारण पुरुषांच्या गाठींवर माझा विश्वास नाही. सोबत त्याचे लाकडी बैल, देवदूत, आणि लायलॅकची फुलं. मिरवणूक निघाली. फादर पुढे पाणी शिंपडत, मागे वाजवणारे, मग बुर्रा, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी फिलादेल्फियो आपली उंच गाडी घेऊन. लागली तर असू दे म्हणून आणली, असं तो म्हणाला. बुर्रा माणसाच्या चालीने चालली होती. मी आईच्या खिडकीवर हात ठेवून बाजूने चालत होते. आई प्रत्येक घरासमोर मान हलवत होती, जणू ती सगळी घरं आम्हीच भाड्याने दिलेली आहेत. इतकी खूश ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

मग मोठा पाट आला.

तिथे पूल नाही. पाण्यासाठी पाइप घालून वर माती-खडीचा उंचवटा केला आहे. पुढची चाकं चढली, आणि मग गाडीच्या पोटाखालून असा आवाज आला की माझ्या दातांत कळ गेली. बुर्रा उंचवट्यावर पोट टेकून बसली. मागची चाकं माती उडवत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढवीच अडली होती, आणि धरायला तिचे पायही दिसत नव्हते. वाजवणारे आणखी थोडं वाजवून थांबले.

फिलादेल्फियो टोपी मागे सारून आला. चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण ती नीट बसत नव्हती. तो म्हणाला, काही हरकत नाही, सान इसिद्रोला माझ्या गाडीत घेऊ, आणि दोन्यांनाही. आईने पर्स कोपरातून हातात घेतली, तसा तो एक पाऊल मागे झाला.

"मी उतरणार नाही," आई म्हणाली. मग नुसतं मला ऐकू येईल असं म्हणाली, "उतरले तर घरी जाईन, पोरी."

तिचा चेहरा मिटत चालला होता. तो मी ओळखते. खिडकीपाशी बसते तेव्हाचा चेहरा. मी खिडकीतून आत वाकून फिनोला म्हटलं, काहीतरी कर. तो घामाने भिजला होता. माझ्याकडे बघायचा, मग गादीवरच्या त्या खिशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, याला शेवटी देव आठवला. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, जपमाळ तरी काढू, आणि तिने मोत्याचं बटण उघडून खिशात हात घातला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"आमा, त्याला हात नका—" फिनो म्हणाला.

हौद्याच्या फळ्यांखाली काहीतरी गुरगुरलं आणि बुर्राचा मागचा भाग वर उठला. सावकाश नाही, गाढवी लाथ मारायला उठते तसा. संत पुढे झुकला आणि मागच्या काचेला नाक लावून आत बघायला लागला. बैल पडले असते, पण गाठी माझ्या होत्या. फुलं सगळी टपावरून बोनेटवर आली. आईने खिशातलं दुसरं बटण चाचपलं आणि तेही दाबलं. आता पुढचा भाग उठला, संत परत ताठ झाला, आणि बुर्रा चारी पायांवर उंच उभी राहिली, मला आठवत होती तितकी उंच.

दुहेरी टाके, मोत्याचं बटण. त्या खिशात त्याने गाडी वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची बटणं ठेवली होती, आणि वर जपमाळ, झाकायला. मी फिनोकडे बघितलं. त्याने गाडी पहिल्यात टाकली आणि माझ्याकडे न बघता पाट ओलांडला.

पलीकडे गेल्यावर आईने गाडी थांबवायला लावली. मी धावत खिडकीशी गेले, तिला काही लागलं का बघायला. आई हसत होती. तोंडावर हात नाही, काही नाही. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुमचा बाप वाळूची पोती टाकायचा मागे," ती म्हणाली. "गाडी अशीच खाली बसायची. तेव्हा पोरांची फॅशन होती ती. मला ह्याच सणाच्या नाचाला न्यायला आला, पांढरा शर्ट घालून, आणि इथेच, ह्याच पाटावर अडकला. सगळी पोती उतरवली. गाडी पलीकडे आणली. मग परत जाऊन एकेक पोतं खांद्यावरून आणलं आणि पुन्हा भरलं. मी आत बसून बघत होते. मी म्हटलं, राहू दे की इथेच, वाळू कोण चोरतंय? तर म्हणतो, उंच गाडीतून गेलो तर लोक काय म्हणतील."

"मग?" फिनोने विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, इतक्या बिनकामाच्या कामाला जो एवढा घाम गाळतो, तो घरासाठी किती गाळेल."

फिनो हळूच म्हणाला, "वाळू, माना." मी त्याला गप बस म्हटलं. मग आईला विचारलं की ती पोती गेली कुठे.

"तू झालीस," आई म्हणाली. "मग पोती उतरली. लाकडं आली, मका आला, नंतर हा आला. गाडी उंच झाली, आणि मी चढायला शिकले."

मला बुर्रा उंच आठवते, कारण तिची आठवण माझ्यापासून सुरू होते. त्याच्या आधीही आईला एक गाडी होती, एक पांढरा शर्ट होता, आणि त्यात आम्ही दोघं कुठेच नव्हतो. मला आई तेव्हा इतकी आवडली की मी खिडकीतून तिच्या केसांचा मुका घेतला, आणि तिने मला शाल चुरगळतेस म्हणून झटकलं. फिलादेल्फियो हात बांधून उभा होता. आईने त्याला सांगितलं की यंदा आमच्या शेताला पाणी वेळेवर सोड, संत बघून गेलाय.

पुढच्या प्रत्येक पाटावर आईने स्वतः बटण दाबलं. चौथ्या पाटापर्यंत ती इतकी सराईत झाली की संत जेमतेम मान डोलवायचा. फादरांनी आधी भुवया चढवल्या, मग पोरांबरोबर तेही पुढे जाऊन पाटाशी वाट बघायला लागले.

मूर्ती चर्चमध्ये पोचवली, मक्या-मांसाच्या रश्शाचं पोसोले जेवलो, आणि आम्ही तिघं घरी निघालो. मी आता मध्ये बसले होते, माझ्याच गादीवर. फिनोला मी सांगितलं की शपथेचं मी विसरलेले नाही, आणि पुढच्या वेळी त्याने खिसा मागितला तर मी आधी दोन साक्षीदार बोलावीन. तो म्हणाला, शपथ गाडीला हात न लावायची होती, त्याने पान्यांनी काम केलं. मी त्याला कोपर मारलं.

शाळेच्या अलीकडे, जिथे रस्ता अगदी सपाट आहे, दोन्ही बाजूंना डांबर आणि कुंपण, तिथे आईने माझ्या गुडघ्यांवरून हात घालून खिशातलं बटण दाबलं. बुर्रा गुरगुरली आणि वर उठली.

"आमा," मी म्हटलं, "इथे कुठे पाट आहे?"

"होता," आई म्हणाली.

फिनोने गाडी अगदी हळू केली, आणि आम्ही तिघं तो नसलेला पाट सांभाळून ओलांडला.